सोलापूर फारसं वाढत नाही, मग घरं का पुरत नाहीत?

सोलापुरात घरांचा विषय निघाला की दोन बोलणी हमखास ऐकू येतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट असतात. एक जण म्हणतो, शिकलेली पोरं सगळी पुण्याला गेली, गल्लीत म्हातारी माणसं उरली, आता नवी घरं कुणासाठी बांधायची? दुसऱ्याच्या घरी लेकाचं लग्न वर्षभर लांबलेलं असतं, कारण दहा बाय बाराच्या खोलीत आधीच पाच माणसं झोपतात. दोघंही खरंच सांगतात. शहराबाहेर कुंभारीला कामगारांसाठी बांधलेल्या रे नगर वसाहतीतल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं, तेव्हापासून तिसरा प्रश्न त्यात भर घालतो: एवढी घरं झाली, आता तरी टंचाई संपली ना?

संपलेली नाही. सोलापुरातली टंचाई फक्त डोकी वाढल्यामुळे आलेली नाही. कुटुंबाची मिळकत, कामाचं ठिकाण आणि घराचं ठिकाण यांचा मेळ बसत नाही, हे तिचं मुख्य कारण आहे. ते कसं, हे समजून घ्यायला सुरुवात लोकसंख्येच्या आकड्यांपासून करावी लागते.

## शहर नेमकं किती वाढलं?

१९९१ च्या जनगणनेत सोलापूर शहरात ६,०४,२१५ माणसं होती. २००१ मध्ये ८,७२,४७८. दहा वर्षांत ४४ टक्के वाढ. हा आकडा पाहून कुणालाही वाटेल की शहरात लोंढेच्या लोंढे आले. पण मध्ये १९९२ साली हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी, दहिटणे अशी भोवतालची गावं महापालिकेत आली आणि शहराचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून सुमारे १७८ वर गेलं. त्या गावांत राहणारी माणसं होती तिथेच राहिली. नकाशावरची रेघ सरकली आणि ती सोलापूरकर म्हणून मोजली गेली.

खरी चाल कळते ती पुढच्या दशकात, कारण तेव्हा रेघ हलली नाही. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. म्हणजे दहा वर्षांत ७९,०८० ची, जेमतेम ९ टक्के वाढ. त्याच काळात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी.

आता एक साधा हिशेब करू. त्या दशकात महाराष्ट्रात दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण १७ ते २१ जन्म आणि ६ ते ८ मृत्यू होत होते. म्हणजे कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, तरी दरसाल हजारामागे दहा-बारा माणसं वाढायलाच हवीत. सोलापूरचे दर राज्यासारखेच धरले तर दहा वर्षांत शहर ११ ते १३ टक्क्यांनी वाढायला हवं होतं. वाढलं ९ टक्के. मधली तूट म्हणजे येणाऱ्यांपेक्षा जास्त झालेले जाणारे. हा ढोबळ हिशेब आहे, पण तो जे सांगतो ते सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत डोळ्यांनी दिसतं.

हे शहर एकेकाळी माणसं ओढून घेणारं होतं. १८७७ मध्ये जुनी मिल निघाली, मग इतर गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून माणसं आली, पूर्व भाग वसला. विसावं शतक संपेपर्यंत मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले. चादर आणि टॉवेलचे यंत्रमाग आणि विडी यांनी शहराला सावरलं, पण या कामांत गिरणीसारखी पक्की नोकरी नव्हती, आणि शिकलेल्या पिढीला पुण्याच्या वाटेवरून मागे वळवण्याइतकी मजुरी तर नव्हतीच.

## माणसं हळू वाढतात, चुली भराभर वाढतात

इथे पहिला घोळ सुटतो. घर लागतं ते माणसाला नाही, कुटुंबाला. जनगणनेच्या हिशेबात एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. पंगतीला आलेली माणसं तेवढीच असली, पण पूर्वी एका ताटात चौघं जेवायची आणि आता दोघं बसायला लागली, तर ताटं दुप्पट लागतात. घरांचंही तसंच होतं. नऊ माणसांच्या एका कुटुंबाची तीन कुटुंबं झाली तर लोकसंख्या एकानेही न वाढता दोन घरं जादा लागतात.

दुसरी गोष्ट उशिरा होणाऱ्या परिणामाची. महाराष्ट्रात एका बाईमागे होणाऱ्या मुलांचं सरासरी प्रमाण १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.९ च्या आसपास होतं. २०१९-२१ च्या पाहणीत ते १.७ वर आलं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतं. म्हणजे पाळणे कमी झाले हे खरं. पण नवी चूल तान्हं बाळ मांडत नाही, पंचवीस-तिशीतलं जोडपं मांडतं. आज लग्नाला आलेली मुलं नव्वदच्या दशकात आणि दोन हजारनंतरच्या पहिल्या वर्षांत जन्मली, तेव्हा घरात तीन-तीन भावंडं सर्रास असत. पहिलीचे वर्ग ओस पडायला लागले तरी घरांची मागणी आणखी पंधरा-वीस वर्षं टिकते, ती यामुळे.

तिसरी गोष्ट वयाची. २०११ मध्येच महाराष्ट्रात दर दहांतला एक माणूस साठीच्या पुढचा होता. मुलगा हिंजवडीत आणि आई-वडील सोलापुरात, असं झालं की तिथे एक घर लागतं आणि इथलंही सुटत नाही. पुढे दोघांपैकी एक जण गेलं तरी मागे राहिलेलं माणूस त्याच घरात राहतं. माणसं घटली, घर काही मोकळं झालं नाही.

देशाच्या पातळीवर हे मोजलंही गेलंय. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये शहरांतली घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या घरात काढली. त्यातले अगदी बेघर जेमतेम ३ टक्के. सुमारे ८० टक्के तूट होती दाटीची. दाटी म्हणजे ज्या घरात निदान एका विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नाही असं घर. ही माणसं फुटपाथवर दिसत नाहीत. ती छपराखाली असतात, म्हणून तूट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. सोलापुरात तर याच खोलीत दिवसा विडी वळली जाते, कुठे खाली माग चालतो आणि वर संसार असतो. झोपायची जागा, कामाची जागा आणि पोरांच्या अभ्यासाची जागा एकच. मला हे आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

## परवडणारं म्हणजे किती रुपयांचं?

सरकारी कागदांवर याच्या निरनिराळ्या मर्यादा आहेत. जीएसटीच्या नियमात सोलापूरसारख्या शहरात ४५ लाखांपर्यंतचं आणि ९० चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचं बांधकाम चालू असलेलं घर परवडणारं धरतात आणि त्यावर १ टक्का कर लागतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक ठरवला तो वर्षाला ३ लाखांपर्यंत मिळकत असलेला, आणि त्याच्यासाठी घर ठरवलं ३० चौरस मीटरपर्यंतचं. ४५ लाखांचं घर आणि ३ लाखांची मिळकत, दोन्ही एकाच विषयाच्या छत्रीखाली येतात. जाहिरातीतला ‘परवडणारी घरं’ हा फलक वाचताना तो यातल्या कुणासाठी आहे हे आधी पाहा.

कुटुंबाच्या बाजूने पाहायचं तर एक ढोबळ नियम वापरतात: घराचा हप्ता मिळकतीच्या ३० टक्क्यांच्या आत असावा. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतलं तर लाखाला महिना साधारण ९०० रुपये हप्ता येतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचं गणित कुणालाही तोंडी करता येतं.

समजा एखादा फ्लॅट २८ लाखांचा आहे आणि तुम्ही ३ लाख स्वतःचे घातले. उरलेल्या २५ लाखांचा हप्ता २२,५०० होतो. तो पेलायला घरात महिना ७५,००० यायला हवेत. शिवाय मुद्रांक शुल्क आणि किमतीच्या १ टक्का नोंदणी फी, तीही जास्तीत जास्त ३० हजार, हे पहिल्याच दिवशी रोख मोजायचं. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. २८ लाखांवर ते २८ हजार होतात, विसरू नका.

आता दुसरं टोक. यंत्रमागावरचा नवरा आणि विडी वळणारी बायको मिळून महिना १८,००० कमावतात असं धरा. ३० टक्क्यांनी त्यांना ५,४०० चा हप्ता झेपेल, म्हणजे कर्ज ६ लाखांचं. ६ लाखांत शहराच्या आत पक्क्या कागदाचं घर मिळणं कठीण. पुण्याच्या मानाने सोलापुरात घरं स्वस्त आहेत असं आपण म्हणतो, पण पुण्यातली किंमत पुण्यातल्या पगाराला जोडलेली असते. सोलापूरची किंमत सोलापूरच्या मजुरीशी ताडून पाहायला हवी, आणि तशी पाहिली की ती स्वस्ताई विरून जाते.

## हप्ता झेपतो, तरी बँक कर्ज का देत नाही?

कारण बँकेला मिळकतीचा पुरावा लागतो आणि जागेचाही. विडीची मजुरी हजार विड्यांमागे, मागाची मजुरी कामावर अवलंबून, फेरीवाल्याचा तर रोजचा धंदा. पैसा येतो, पण पगारपत्रक नसतं.

जागेचं दुखणं जास्त खोल आहे. हद्दवाढ भागात पुष्कळ कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून एक-दोन गुंठे घेतले. गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे मंजूर आराखड्याशिवाय पाडलेले छोटे तुकडे. रस्ता आणि ड्रेनेज नंतर बघू, आधी जागा तर घेऊ, असा तो व्यवहार. अशा जागेवर बांधकाम परवाना अडतो, परवान्यावाचून कर्ज अडतं, मग घर सावकाराच्या पैशावर किंवा भिशीवर टप्प्याटप्प्याने उभं राहतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे तुकडे नियमित करायची वाट खुली झाली. माझ्या मते सोलापुरात नव्या घरांइतकंच महत्त्वाचं काम हे आहे. जागा घेतलेली आहे, माणूस राहतोय, फक्त कागद सरळ झाला की तोच माणूस बँकेच्या दराने खोली वाढवू शकतो.

## सरकारने हजारो घरं दिली की!

दिली, आणि तो लहान पराक्रम नाही. कामगारांनी संघटित होऊन घरं उभी करायची ही वाट सोलापूरने देशाला दाखवली. माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली महिला विडी कामगारांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली. तिथल्या १०,००० घरांचा सोहळा २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाला. रे नगर त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल: एकूण ३०,००० घरांचा प्रकल्प, घर सुमारे ३०० चौरस फुटांचं, यंत्रमाग आणि विडी कामगार, कागद-काच-पत्रा गोळा करणारे, फेरीवाले, रिक्षाचालक अशांसाठी. पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली.

पैशाचं गणितही पाहण्यासारखं आहे. पायाभरणीच्या वेळी प्रकल्पाचा अंदाज १,८११ कोटींचा होता. त्यात केंद्राचे घरामागे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, मिळून ७५० कोटी. म्हणजे घर सरासरी सहा लाखांचं, अडीच लाख सरकारचे आणि उरलेले साडेतीन लाख लाभार्थ्याच्या माथी. साडेतीन लाखांचा हप्ता, मघाच्या हिशेबाने, ३,१५० रुपये. वर धरलेल्या कुटुंबाला तो झेपतो. त्यामुळे घरं फुकट वाटली हे बोलणं चूक आहे. अर्ध्याहून जास्त पैसा कामगारांचा आहे.

मग अडतं कुठे? ठिकाणावर. स्वस्त घराला स्वस्त जमीन लागते आणि स्वस्त जमीन शहराबाहेर असते. कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर दहाएक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम असेल तर उत्तम सोय झाली. पण बाईला पान-तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, आणि कारखाना जुन्या घराजवळ असेल, किंवा ती चार घरची धुणीभांडी होटगी रोडला करत असेल, तर हिशेब बदलतो. समजा एका माणसाला जाऊन-येऊन रोज ६० रुपये लागतात आणि महिन्यात २५ दिवस जावं लागतं. १,५०० झाले. घरातली दोन माणसं जात असतील तर ३,०००. जवळपास दुसरा हप्ताच. त्यात गेलेला वेळ धरलेला नाही, आणि विडीकामात वेळ म्हणजे सरळ मजुरी.

म्हणून दूरच्या घराची किंमत सांगताना प्रवासखर्च त्यात मिळवूनच सांगायला हवी. बसच्या फेऱ्या वाढवणं हा अशा वसाहतीसाठी घरबांधणीचाच भाग आहे. दवाखाना, शाळा, रेशन दुकान आणि पाणी यांचंही तसंच. मूळ शहरातच नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं सोलापूरकरांना नवं नाही, तर शहराबाहेरच्या माळावर ती काळजी दुप्पट होते.

## मग रिकामे फ्लॅट कशाचे?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी होती, तीही तूट पावणेदोन कोटींच्या पुढे असताना. दोन्ही एकाच वेळी कसं शक्य आहे? रिकामं घर एका गटाचं असतं आणि गरज दुसऱ्या गटाची. तज्ज्ञ गटाच्या हिशेबात ९५ टक्के तूट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. बांधली जात होती ती घरं मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरची.

सोलापुरात याला बाहेरगावच्या कमाईचा पदर आहे. पुण्यात किंवा परदेशात नोकरी करणारा मुलगा जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला फ्लॅट घेतो. आई-वडिलांसाठी, पुढे कधीतरी परत येऊ म्हणून, किंवा पैसा कुठेतरी गुंतवायचा म्हणून. त्यात वाईट काही नाही, गावाची ओढच आहे ती. पण बाहेरच्या पगारावर चढलेला भाव इथल्या मजुरीवर जगणाऱ्यालाही मोजावा लागतो. माणसं बाहेर जातात आणि घरं तरीही महागतात, ते असं.

## भाड्याने राहायला काय हरकत?

काहीच नाही. उलट मला वाटतं, आपण भाड्याच्या घराकडे विनाकारण कमीपणाने पाहतो. नुकतं लग्न झालेलं जोडपं, विद्यापीठात शिकायला आलेली मुलगी, एकटी राहणारी विधवा, कामाचं ठिकाण दर दोन वर्षांनी बदलणारा कामगार, यांना मालकीपेक्षा कामाजवळची सुरक्षित खोली जास्त उपयोगाची.

पण ती खोली बाजारात येत नाही. एकदा दिलेली जागा परत मिळणार नाही ही भीती पेठांमधल्या जुन्या घरमालकांच्या मनात घट्ट आहे, कारण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहणारे भाडेकरू पाहिले आहेत. आज ती भीती बरीचशी अनाठायी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये ठराविक मुदतीच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची सोय आहे. तो लेखी आणि नोंदणीकृत असला की मुदत संपल्यावर जागा परत मिळवायचा रस्ता मालकाला सोपा आहे, आणि अटी लेखी असल्याने भाडेकरूलाही आधार असतो. तोंडी व्यवहारात दोघांचंही नुकसान. केंद्राच्या आवास योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. सोलापूरने त्यातून शहराच्या आत, कामाच्या ठिकाणांजवळ घरं मागावीत. १९९२ च्या हद्दीत जमीन आहे. रस्ते, दिवे, जलवाहिनी तिथे कमी खर्चात पोहोचतात.

## नव्या जनगणनेचे आकडे आले की काय पाहायचं?

२०११ नंतर जनगणना झाली नाही. पुढची २०२७ ची, आणि तिचा पहिला टप्पा घरयादीचा, २०२६ मधला. घरात खोल्या किती, विवाहित जोडपी किती, पाणी आत येतं की बाहेरून, घर स्वतःचं की भाड्याचं, हे त्यात विचारतात. शहराची एकूण लोकसंख्या मथळ्यात येईल. तिच्यापेक्षा कुटुंबांची संख्या, एका खोलीत राहणारी कुटुंबं आणि कुलूपबंद घरं हे तीन आकडे सोलापूरबद्दल जास्त सांगतील.

एक सावधगिरी मात्र हवी. शहराच्या दाट वस्त्यांतून हजारो कुटुंबं कुंभारीला गेली तर ती महापालिकेच्या हद्दीबाहेर मोजली जातील. १५,००० घरांत चार-चार माणसं धरली तरी ६० हजार होतात, आणि २००१ ते २०११ मध्ये शहर वाढलं ते ७९ हजारांनी. शहराचा आकडा घसरलेला दिसेल आणि कुणी म्हणेल, सोलापूर ओसरतंय, आता पाण्याची आणि बसची योजना लहान करा. ती माणसं सकाळी कामाला याच शहरात येत असतील. त्यामुळे दक्षिण सोलापूर तालुक्याचं पान उघडून कुंभारीचा आकडा शहराच्या आकड्यात मिळवावा, आणि पाणी, बस, दवाखान्यांचा हिशेब त्या बेरजेवर करावा.